बाबांनी लावलेली सीट

पत्र:

‘आमच्या घरची गाडी बावीस वर्षांची आहे. ती बाबांनी घेतली आणि शेवटपर्यंत त्यांनीच चालवली. बाबांना जाऊन तीन वर्षे झाली. तेव्हापासून ती घराखालच्या गॅरेजमध्ये ताडपत्री घालून उभी आहे. ती बिघडू नये म्हणून दर रविवारी मी शटर अर्धे वर करून पाच मिनिटे इंजिन चालू ठेवते. त्या वेळी आई खाली येते आणि शेजारच्या सीटवर बसते. काही बोलत नाही. गेल्या महिन्यात मेकॅनिकला बोलावले. त्याने गाडी जॅकवर घेऊन दरवाज्याखालचा पत्रा दाखवला. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो सरळ आत गेला. इंजिन उत्तम आहे, पण गाडी रस्त्यावर नेऊ नका आणि दुरुस्तीला गाडीच्या किमतीहून कितीतरी जास्त खर्च येईल, असे तो म्हणाला. माझा धाकटा भाऊ म्हणतो, भंगारात द्या. त्याला गाडीचे काही वाटतच नाही. दर महिन्याला येतो, चाकांत हवा भरतो आणि पुन्हा तोच विषय काढतो. त्या दिवशी आत बसता यावे म्हणून त्याने ड्रायव्हरची सीट मागे सरकवली. बाबांनी लावलेली ती सीट तीन वर्षांत कोणी हलवली नव्हती. मी त्याला नको ते बोलले. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांची डायरी आहे. पेट्रोल भरले की तारीख, किलोमीटर आणि लिटर त्यात लिहिले जायचे. लहानपणी बाबा काट्यावरचा आकडा वाचून दाखवायचे आणि मी लिहायचे. शेवटची नोंद २ लाख १४ हजारांच्या पुढची आहे. ती गाडी भंगारात देणे म्हणजे बाबांना पुन्हा एकदा पोहोचवून येण्यासारखे वाटते. माझे चुकते आहे का?’

— एक वाचक

उत्तर:

सस्नेह नमस्कार.

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगणे मला अत्यंत गरजेचे वाटते, आणि ती तुम्ही या रविवारपासूनच पाळावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अर्धवट बंद गॅरेजमध्ये, आई आत बसलेल्या असताना, त्या गाडीचे इंजिन पुन्हा चालू करू नका. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत तो सर्वांत जास्त निघतो, कारण तेव्हा इंजिनात पेट्रोलचे प्रमाण जास्त सोडले जाते आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसा तापलेला नसतो. तुमच्या पाच मिनिटांत नेमका हाच काळ येतो. त्यातच गाडीचा खालचा पत्रा गंजलेला आहे, म्हणजे सायलेन्सरमधून गळणारा धूर थेट आत येण्याची वाट मोकळी झालेली असू शकते. अर्धे उघडे शटर यासाठी पुरे पडत नाही. आईंना त्या वेळी कधी डोके जड झाल्यासारखे किंवा मळमळल्यासारखे वाटले होते का, हे त्यांना आवर्जून विचारा, आणि वाटले असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता तुमचा प्रश्न. तुमचे चुकते आहे का, असे तुम्ही विचारले आहे. गाडीवर एवढा जीव असण्यात तुमचे काहीही चुकत नाही. रसेल बेल्क या अभ्यासकाने १९८८ साली एक दीर्घ निबंध लिहिला होता. आपण वापरतो आणि जपतो त्या वस्तू हळूहळू आपल्या ‘मी’चाच विस्तार होऊन बसतात, आणि म्हणूनच त्या गेल्या की आपल्यातलेच काही गेल्यासारखे वाटते, अशी मांडणी त्याने त्यात केली होती. घरातल्या सगळ्या वस्तूंमध्ये गाडीला याबाबतीत वेगळे स्थान आहे, असे मला वाटते, कारण कपाटासमोर किंवा टेबलाभोवती कुटुंब जमते आणि पांगते, पण गाडीत सगळे जण दाटीवाटीने, एकाच दिशेला तोंड करून, तासन्‌तास एकत्र बसलेले असतात, आणि एकमेकांकडे न पाहता बोलता येत असल्यामुळे एरवी न निघणारे विषयही तिथे निघतात. २ लाख १४ हजार किलोमीटर म्हणजे विषुववृत्ताभोवतीच्या पाच फेऱ्यांहून अधिक अंतर होते. एवढ्या प्रवासात तुम्ही लहानाच्या मोठ्या झालात. तेव्हा तुम्हाला वाईट वाटणे हा हळवेपणाचा अतिरेक आहे, असे कोणी म्हणाले तर ते मनाला लावून घेऊ नका.

मात्र तुम्ही गाडी ज्या पद्धतीने जपत आहात, त्या पद्धतीबद्दल मला स्पष्ट बोलले पाहिजे. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू ठेवल्याने गाडी चांगली राहते, हा समज सर्वत्र आहे, पण प्रत्यक्षात त्याने गाडीचे नुकसान होते. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर नीट तापेपर्यंत गाडी चालली, तर ही वाफ बाहेर निघून जाते. पाच मिनिटांत ती सायलेन्सरमध्येच थंड होऊन साठते आणि त्याला आतून गंजवते, शिवाय थोडे पाणी आणि न जळलेले पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्येही मिसळते. स्टार्टर मारताना बॅटरीतून जेवढी वीज जाते, तेवढी परत भरण्यासही ही पाच मिनिटे अपुरी असतात. ताडपत्रीचेही तसेच आहे. हवा खेळू न देणारे आवरण गाडीवर घातले की जमिनीतून आणि हवेतून आलेली ओल त्याच्याखाली कोंडून राहते, आणि गंजाला नेमके तेच हवे असते.

हे सगळे वाचून तुम्हाला अपराधी वाटेल, याची मला कल्पना आहे, आणि तसे वाटावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. आजवर तुम्ही जे केले ते प्रेमाने केले. पण उभी ठेवलेली गाडी जशीच्या तशी राहत नाही, हे तुमच्यापुढे स्पष्ट असले पाहिजे, कारण तुमच्या पत्रात ‘गाडी ठेवणे’ आणि ‘गाडी देणे’ असे दोनच पर्याय आहेत आणि त्यातल्या पहिल्यात काहीच हरवत नाही, असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. प्रत्यक्षात त्या गॅरेजमध्ये रोज काही ना काही हरवते आहे. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर धरतो, ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो, रबरी नळ्या आणि सील कडक होऊन तडकतात, आणि टायर एकाच जागी दाबले जाऊन तिथे चपटे होतात. तुमचे भाऊ दर महिन्याला हवा भरतात म्हणून टायर अजून बरे असतील. या हवा भरण्याबद्दल मला पुढे आणखी बोलायचे आहे.

मेकॅनिकने जी जागा दाखवली, तिचे महत्त्व मी थोडे सविस्तर सांगते, कारण ‘खालचा पत्रा गंजला’ हे शब्द ऐकायला किरकोळ वाटतात. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळा सांगाडा नसतो, गाडीचा पत्राच सगळा भार पेलतो. पुढच्या चाकाकडून मागच्या चाकाकडे, दरवाज्यांच्या खालून जाणारी पोकळ पेटीसारखी जी पट्टी असते, ती या रचनेतील एक मुख्य आधार असते. तिच्यात पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात, ती वर्षानुवर्षांच्या चिखलाने बुजतात आणि पट्टी आतून गंजू लागते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, भुसभुशीत होऊन सुटतो, आणि खालचे नवे लोखंड ओलीसाठी उघडे पडते. बाहेरच्या रंगावर पहिला फोड दिसतो, तोवर आतला पत्रा बराचसा खाल्ला गेलेला असतो. तुमच्या मेकॅनिकचा स्क्रू ड्रायव्हर आत गेला, तो याचमुळे.

याच भागाच्या आसपास सीट बेल्टचे खालचे टोक बोल्टने घट्ट केलेले असते. आज आपण वापरतो तो तीन बिंदूंचा पट्टा निल्स बोलिन या अभियंत्याने तयार केला आणि व्होल्वो कंपनीने तो १९५९ साली गाड्यांत बसवायला सुरुवात केली. त्या पट्ट्याने असंख्य जीव वाचवले, पण तो ज्या पत्र्याला बांधलेला असतो तो पत्रा टिकला, तरच तो माणसाला धरून ठेवू शकतो. कुजलेल्या पत्र्याला बांधलेला पट्टा ऐन वेळी पत्र्यासकट उपटून येतो. म्हणून गाडी रस्त्यावर नेऊ नका, हा मेकॅनिकचा सल्ला तुम्ही अंतिम मानावा. ‘शेवटची एक चक्कर’ मारण्याचा मोह तुम्हा सगळ्यांना होईल, आणि एरवी मी स्वतःच तसे सुचवले असते, पण तुमच्या गाडीच्या बाबतीत ते करू नका.

पत्रा कापून, नवा पत्रा वेल्डिंग करून गाडी उभी करता येते, हे खरे आहे. गाडी दुर्मीळ असेल, घरात कोणाला त्या कामाची मनापासून आवड असेल आणि वर्ष-दोन वर्षे त्यासाठी वेळ व पैसा काढता येणार असेल, तर तो मार्गही चांगला आहे. तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही. केवळ निर्णय पुढे ढकलता यावा, म्हणून हे काम हाती घेतले, तर अर्धी उघडलेली गाडी कोणाच्या तरी गॅरेजमध्ये पडून राहील, आणि ते दृश्य तुम्हाला आजच्यापेक्षा अधिक त्रास देईल.

आता तुमच्या भावाबद्दल. ‘त्याला गाडीचे काही वाटतच नाही’ असे तुम्ही लिहिता, आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात तो दर महिन्याला येऊन चाकांत हवा भरतो, असेही लिहिता. ज्या गाडीला भंगारात द्यायचे आहे, जी कुठेही जाणार नाही, तिच्या चाकांत गेली तीन वर्षे दर महिन्याला हवा कोण भरते? पंप काढायचा, चारही चाकांपाशी गुडघे टेकून बसायचे, झडपेचे टोपण काढायचे, पुन्हा लावायचे; हे काम तसे कटकटीचे आहे. भंगार घेणारा माणूस टायरमधली हवा मोजत नाही. तुमचा भाऊ तोंडाने जे म्हणतो आणि हाताने जे करतो, त्यातले हाताचे मला अधिक खरे वाटते. गाडी अशी हळूहळू मरताना पाहणे त्याला सोसत नसेल, म्हणूनही तो ‘देऊन टाका’ म्हणत असेल. वडिलांच्या वस्तूंच्या बाबतीत भावंडांचे हे नेहमी होते. एकाला ती वस्तू डोळ्यांसमोर हवी असते, दुसऱ्याला ती डोळ्यांसमोर नको असते, आणि दोघांचेही कारण एकच असते.

सीटचेही तसेच असावे, असे मला वाटते. त्याने सीट मागे सरकवली, कारण बाबांच्या मापाला लावलेल्या जागेत त्याचे पाय मावेनात. तुम्हाला त्या क्षणी बाबांची खूण पुसली गेल्यासारखे वाटले आणि ते स्वाभाविक होते. पण त्याच क्षणी, स्टिअरिंगला गुडघे टेकलेले असताना, आपण बाबांपेक्षा उंच झालो आहोत आणि ते पाहायला बाबा नाहीत, असे काही त्याच्याही मनात येऊन गेले असेल आणि त्यावर लगेच तुमचे बोलणे ऐकावे लागले असेल, ही शक्यता तुम्ही जरा धरून पाहा. शिवाय ती खूण पुसली गेलेली नाही. सीट ज्या दोन रुळांवर सरकते, त्यांच्याकडे टॉर्च लावून नीट बघा. इतकी वर्षे एकाच जागी असलेल्या सीटच्या कडेला धुळीची आणि जुन्या ग्रीसची रेघ उमटलेली असते. सीट त्या रेघेपाशी आणली की खटका आपोआप नेमक्या खाचेत बसेल. भावाला बोलवा आणि ती सीट त्यालाच परत लावू द्या. क्षमा मागण्यासाठी वेगळे शब्द शोधावे लागणार नाहीत. समोरून कितव्या खाचेत ती बसली, ते मोजून ठेवा.

‘भंगार’ या शब्दाने तुम्हाला झालेला त्रासही मला समजतो. आपल्या वस्तूची किंमत दुसऱ्याने सांगितली की ती आपल्याला नेहमीच अपमानास्पद वाटते. डॅनियल काहनेमान, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही जणांना साधे कॉफीचे मग दिले होते. ज्यांना मग मिळाला होता ते तो विकण्यासाठी जी किंमत मागत होते, ती विकत घेणारे देऊ करत असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. तो मग त्यांच्याकडे येऊन काही मिनिटेच झाली होती. तुमची गाडी बावीस वर्षे घरात आहे. तेव्हा कोणी काहीही भाव सांगितला, तरी तो तुम्हाला कमीच वाटणार. तो भाव पत्र्याचा आणि सुट्या भागांचा असतो, एवढे मनाशी पक्के ठरवून मगच त्या बोलण्याला बसा. शक्य असेल, तर व्यवहाराचे बोलणे भावाकडे सोपवा आणि मिळालेला आकडा तुम्ही विचारूही नका.

या सगळ्यात एका व्यक्तीचे म्हणणे मला तुमच्या पत्रात कुठेही सापडले नाही, आणि ते मी पुन्हा पुन्हा शोधले. आई दर रविवारी खाली येतात, शेजारच्या सीटवर बसतात, काही बोलत नाहीत. गाडीचे काय करावे, असे त्यांना कोणी विचारले आहे का? त्यांना काय वाटत असेल, हे तुम्ही दोघांनीही आपापल्या परीने गृहीत धरलेले दिसते. कदाचित त्या गाडीसाठी येतही नसतील. तीन वर्षे दर रविवारी आपली मुलगी एकटी खाली जाऊन बंद गाडीत बसते, तिला सोबत असावी म्हणून त्या येत असतील. किंवा त्यांना खरोखरच ती जागा हवी असेल, कारण बावीस वर्षे त्यांची ठरलेली जागा तीच होती आणि त्यांच्या बाजूची काच वर-खाली कशी करायची, कोणत्या वळणावर हात कुठे धरायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेले आहे. यातले काय खरे, हे मी इथे बसून सांगू शकत नाही; तुम्ही सांगू शकाल, पण विचारल्यानंतर. घरात, बसून, निवांतपणे विचारा आणि ‘भाऊ असे म्हणतो, मी असे म्हणते’ हे त्यांच्यापुढे मांडू नका, कारण मग त्या मुलांमधले भांडण मिटवण्याच्या हिशेबाने उत्तर देतील. ‘तुला ही गाडी अजून काही दिवस हवी आहे का, आणि कशासाठी हवी आहे?’ एवढेच विचारा आणि उत्तर यायला वेळ लागला, तर लागू द्या.

त्या ‘अजून हवी आहे’ म्हणाल्या, तर ठेवा. त्यासाठी बॅटरी काढून ठेवा, टाकीतले पेट्रोल मेकॅनिककडून रिकामे करून घ्या, ताडपत्रीऐवजी हवा जाईल असे सुती आवरण घाला, आणि पुन्हा कधी विचार करायचा याची तारीख तिघांनी मिळून ठरवा. इंजिन बंद असलेल्या गाडीत त्यांना हवे तेवढा वेळ बसू द्या. तारीख न ठरवता ठेवली, तर तीन वर्षांची सहा वर्षे होतील आणि हे भांडण तसेच राहील.

त्या ‘देऊन टाका’ म्हणाल्या, तर कोणाला द्यावी याचा विचार करू. चालवण्यासाठी ती कोणालाही विकू नका. खरेदीदार कितीही आर्जवाने म्हणाला, की मी पत्रा करून घेईन, तरी तो तसे करीलच याची खात्री तुम्हाला देता येणार नाही, आणि त्या कुजलेल्या पट्टीच्या भरवशावर उद्या दुसऱ्या कोणाचे कुटुंब रस्त्यावर असेल. इंजिन उत्तम आहे, असे मेकॅनिक म्हणाला आहे, त्याचा मात्र उपयोग करता येईल. मोटार दुरुस्तीचे शिक्षण देणाऱ्या तांत्रिक संस्थांना विद्यार्थ्यांनी उघडून पुन्हा जोडण्यासाठी चालू स्थितीतील इंजिने आणि गिअर बॉक्स हवे असतात. अशी संस्था तुमच्या आवाक्यात असेल, तर आधी तिला विचारा. उरलेली गाडी अधिकृतपणे वाहने मोडीत काढणाऱ्या केंद्राकडे द्या. मोटारीच्या वजनात सर्वांत मोठा वाटा लोखंड आणि पोलादाचा असतो आणि तो वितळवून पुन्हा वापरता येतो. बॅटरीतले शिसे पुन्हा बॅटरीतच जाते, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांसारखे मौल्यवान धातू काढून घेतले जातात. युरोपीय संघाने तर २०१५ पासून मोडीत निघणाऱ्या गाड्यांच्या वजनाच्या ९५ टक्के भागाचा पुनर्वापर किंवा अन्य उपयोग झाला पाहिजे, असे उद्दिष्टच घालून दिले आहे. अधिकृत केंद्राचा आग्रह मी धरते आहे, कारण तिथे ऑइल, ब्रेकचे द्रव, बॅटरीतले आम्ल हे आधी वेगळे काढतात आणि एअरबॅग असेल, तर तिच्यातला स्फोटक भाग निकामी करतात. उघड्यावर गाडी फोडणाऱ्यांकडून ही काळजी घेतली जाईलच, असे नाही.

कागदपत्रांचे काम थोडक्यात सांगते. गाडी अजून बाबांच्याच नावावर असेल, तर आधी वारसांच्या नावाची नोंद करून घ्यावी लागेल. गाडी मोडीत काढल्याचा दाखला हातात घ्या, तो देऊन नोंदणी रद्द करून घ्या, आणि विमा त्यानंतरच बंद करा. गाडीतील म्युझिक सिस्टीम नंतर बसवलेली असेल, तर तिच्यात साठलेले फोन नंबर पुसून टाका.

राहता राहिले ते जपण्याचे. सगळी गाडी जपणे शक्य नाही, हे मान्य झाले की तिच्यातले काय जपायचे ते डोळसपणे निवडता येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यापीठाच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांना जुन्या वस्तू दान करण्याचे आवाहन केले होते. काही वसतिगृहांत नुसते आवाहन केले आणि काहींत वस्तूचा फोटो काढून मग ती द्या, असे सांगितले. फोटो काढायला सांगितलेल्यांनी अधिक वस्तू दिल्या, कारण वस्तूबरोबर आठवणही जाईल ही भीती फोटोमुळे कमी झाली. तुम्हीही फोटो काढा, पण गाडी धुऊन-पुसून समोरून काढलेला एखादा फोटो पुरेसा नाही. बाबांच्या हाताने झिजून गुळगुळीत झालेली गिअरची मूठ, स्टिअरिंगचा तेवढाच चकाकणारा भाग, आईंच्या बाजूचा दरवाजा, मागच्या सीटवरून पुढे पाहिले की दिसते ते सगळे. तुम्ही लहानपणी जिथून बाबांना पाहत होता, त्या उंचीवर फोन धरून फोटो काढा. आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवा. दरवाजा लागल्याचा, हॉर्नचा, दिशादर्शक दिव्याच्या टिकटिकीचा. इंजिनाचाही आवाज घ्या, मात्र तो गाडी ढकलून पूर्ण उघड्यावर आणल्यानंतर आणि आत कोणीही बसलेले नसताना घ्या.

वास मात्र मुद्रित करता येत नाही. इतर संवेदना मेंदूतल्या एका मध्यस्थ केंद्रातून पुढे जातात, वासाचे संकेत मात्र भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपाशी जवळजवळ थेट पोहोचतात, म्हणून एखाद्या वासाने माणूस क्षणात तीस वर्षे मागे जातो. ड्रायव्हरच्या सीटच्या कापडाचा हातभर तुकडा कापून झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बरणीत ठेवा. ती बरणी वारंवार उघडू नका.

गाडी जाईल त्या दिवशी तुम्ही तिघेही घरी असा. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. आमच्या घरची जुनी गाडी मी बाहेरगावी असताना नेली गेली. घरच्यांनी मला त्रास होऊ नये म्हणून तसे ठरवले होते आणि मीही फोनवर ‘चालेल’ म्हटले होते. परत आले तेव्हा तिच्या जागी फरशीवर ऑइलचा एक काळा डाग होता. तो डाग मी कितीतरी दिवस पुसू दिला नाही, कारण निरोप घेण्यासाठी माझ्याकडे तेवढेच उरले होते. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. टेम्पो किंवा क्रेन येण्याआधी निदान तासभर तरी मोकळा ठेवा. आईंना त्यांच्या जागी बसू द्या, भावाला हवे असेल, तर शेवटची हवाही भरू द्या. डिकी, सीटखालची जागा, सनव्हायझरची मागची बाजू हे सगळे रिकामे करताना जे सापडेल ते घाईने पिशवीत भरू नका. जुन्या पावत्या, एखादी केसांची पिन, कोणाचा तरी चष्मा असे काही निघेल आणि प्रत्येकाची काही ना काही हकिगत निघेल.

डायरी अर्थातच तुमच्याकडे राहील. तिच्यात बाबांच्या अक्षराबरोबर तुमचे लहानपणीचे अक्षरही आहे, आणि माझ्या मते बावीस वर्षांतली तुमच्या घरची सर्वांत मोलाची वस्तू ती आहे. बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली जागा असेल. गाडी उचलली जाण्याआधी चावी एकदा फिरवावी लागेल, आकडा दिसेल एवढीच, इंजिन सुरू न करता. भावाला बाबांच्या सीटवर बसवा आणि काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचायला सांगा. तारीख आणि किलोमीटर तुम्ही लिहा. लिटरचा रकाना मोकळा सोडा.